अक्काचं नाक आणि माळ्यावरचं मांजर

मसाल्याच्या दिवशी आमच्या घरात फोडणी होत नसे. मसाला म्हणजे जेवणातला नव्हे, उदबत्तीचा. आमचं उदबत्तीचं काम होतं. मागच्या पडवीत सहा बायका पाट घेऊन बसायच्या, तळहाताने काड्या वळायच्या, आणि त्या काड्या अंगणात सुपांवर वाळायच्या. महिन्यातून एकदा अक्का कोळशाची पूड, चंदनाचा भुगा, राळ आणि तिच्या पितळी डब्यांतली आणखी काय काय द्रव्यं दगडावर एकत्र करायची. त्या दिवशी सकाळपासून चूल बंद. साबण नाही, केसात मल्लिगेचा गजरा नाही, खोबरेल नाही, कॉफीसुद्धा नाही. बेंगळूरच्या घरात सकाळची कॉफी बंद म्हणजे सुतकापेक्षा कडक प्रकार. आदल्या रात्री कालवलेला दहीभात, तोही बिनफोडणीचा, सगळ्यांनी गपचूप गिळायचा. दुपारी अक्का दगडावरून उठली आणि "झालं" म्हणाली की आई आधी कढईत मोहरी टाकायची. ती तडतडली की मला घर परत चालू झाल्यासारखं वाटायचं.

अक्का म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणायचे म्हणून आईही म्हणायची, मीही म्हणायची, पडवीतल्या बायकाही म्हणायच्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती एक ट्रंक घेऊन भावाकडे परत आली. अशा बाईची जागा त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दाराशी असायची. भाज्या निवडायच्या, मुलं सांभाळायची, आणि कुणी विचारलं तरच बोलायचं. अक्काची जागा मात्र मसाल्याच्या दगडापाशी होती, आणि ती तिला तिच्या नाकाने मिळवून दिली होती. चंदनाचं पोतं उघडायच्या आधी ती सांगायची, यात भेसळ आहे, परत पाठव. सकाळच्या दुधाला हुंगून म्हणायची, संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. मी शाळेतून येताना कुठल्या गाडीवर थांबून काय खाल्लं हे तिला मी चप्पल काढायच्या आत कळायचं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, स्वभावानेही आणि खरोखरही. अण्णा धंद्याचे मालक, पण तिने "सरी", म्हणजे ठीक, म्हटल्याशिवाय एक काडी वळली जात नसे.

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, विक्रीसाठी नसलेल्या बत्त्या आमच्याकडे होत. त्या आमच्या लोकांच्या देवळात जायच्या. त्यांत खरं पुनुगु लागायचं. पुनुगु म्हणजे एका रानमांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतला लोण्यासारखा पदार्थ. मराठीत जवादी म्हणतात, आणि त्या मांजरालाही आम्ही पुनुगुच म्हणायचो. कच्चं असताना त्याला असा उग्र दर्प येतो की माणूस दोन पावलं मागे सरकतो, आणि मोहरीएवढं चंदनात मुरवलं की तोच दर्प इतका खोल आणि गोड होतो की देवळातून निघवत नाही. हे कसं होतं याचं मला लहानपणापासून नवल. मलेनाडूच्या डोंगराकडचा एक म्हातारा दरवर्षी शिंगाच्या डबीतून ते आणून द्यायचा. त्या वर्षी तो आला नाही. त्याच्या गावाहून कुणीतरी सांगितलं, म्हातारा गेला. अण्णा आठवडाभर तोंड पाडून हिंडले. आणि तेव्हाच, काखेत कळसा म्हणतात तसं, आमच्या लक्षात आलं की आमच्या माळ्यावर एक जनावर राहतंय.

तेव्हा आमचा बनशंकरी भाग आजच्यासारखा नव्हता. आमच्या घरामागे चिकूची बाग, पपया, एक मोठं जांभळाचं झाड आणि पुढे नाचणीचं शेत. घर कौलारू, खाली लाकडी तक्तपोशी, मधल्या पोकळीला आम्ही माळा म्हणायचो. दिवेलागणीला वर खसखस व्हायची. मग कौलांवरून भिंतीवर, भिंतीवरून चिकूवर काहीतरी काळपट, लांबोळकं सरकत जायचं. आई म्हणे बोका, शेजारीण म्हणे मुंगूस. मी नुकतंच पीयूसीला, म्हणजे अकरावीला, जीवशास्त्र घेतलं होतं आणि जगातल्या प्रत्येक प्राण्याला कप्प्यात घातल्याशिवाय मला झोप येत नव्हती. मला त्या जनावराची एक सवय सापडली. ते रोज एकाच जागी, कुंपणाच्या रुंद भिंतीवर, घाण करायचं. मी ती काडीने उचलली, डब्यात धुतली आणि आतल्या बिया वेगळ्या केल्या. चिकूच्या काळ्याभोर बिया, जांभळाच्या, पेरूच्या, सगळ्या साबूत, धुऊन पुसून ठेवाव्यात तशा. इतका चकित करणारा खजिना मला तोवर कुणी दिला नव्हता. त्या मी वाळायला ठेवल्या, आणि दुसरं सूप हाताशी नव्हतं म्हणून उदबत्तीच्या सुपावर ठेवल्या. आईने मला ज्या शब्दांत झोडपलं ते इथे लिहीत नाही. आजही आमच्या घरात कुणी जास्त शहाणपण केलं की "बिया वाळत घाल" म्हणतात.

पाठ्यपुस्तकात मांसाहारी प्राण्यांच्या गणात एकच ओळ होती, की पुनुगुच्या कुळातल्या प्राण्यांच्या अंगावर ठिपके असतात आणि शेपटीखाली सुगंधी ग्रंथी असते. एका संध्याकाळी ते जनावर भिंतीवर थांबलं आणि मला त्याच्या पाठीवर ठिपक्यांच्या ओळी स्पष्ट दिसल्या. मी धावत आत गेले. अण्णा दुकानातून येऊन पाय धूत होते. मी म्हटलं, "अण्णा, आपल्या माळ्यावर पुनुगु आहे. ठिपके आहेत. मी पाहिले."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "नक्की?"

"पुस्तकात दिलंय."

ते अक्काकडे वळले. अक्काने माळ्याच्या शिडीवर चढून, तिथे पडलेलं एक फाटकं पोतं खाली ओढलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. तिच्या डोळे मिटण्याची आम्हाला सवय होती. घरातलं घड्याळसुद्धा त्या वेळी थांबायचं असं मला वाटे. मग ती म्हणाली, "तेच आहे."

अण्णा हसले. म्हणाले, "आता आपल्या घरात दोन तज्ज्ञ झाले. एक नाक, एक पुस्तक." मी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते वाक्य किती वेळा मनात म्हटलं असेल. आज साठी कधीच ओलांडली, आयुष्यभर मुलींना प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्या शाबासकीची नशा आठवली की अजून लाज वाटते. एका ओळीवरून मी एका जिवाला ओळखलं म्हणाले होते.

मंगळवारी संध्याकाळी सशाच्या जुन्या पिंजऱ्यात वेलची केळं लावलं आणि जनावर सापडलं. आज हे करणं गुन्हा आहे. तेव्हाही असणार, पण आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पिंजऱ्यात मधोमध एक गुळगुळीत लाकूड उभं केलं. जनावर त्याला अंग घासतं, पुनुगु लाकडाला लागतं, आणि ते चमच्याने खरवडायचं, अशी रीत अण्णांनी त्या म्हाताऱ्याकडून ऐकली होती. अण्णांनी बुधवारी सकाळीच देवळात जाऊन सांगून टाकलं की यंदाच्या बत्तीत घरचं पुनुगु. अक्काचं आणि माझं नाव घेऊन सांगितलं.

मी कॉलेजला जाण्याआधी पिंजऱ्यापाशी अर्धा तास बसले. जनावर लाकडाला बघतही नव्हतं. ते जाळीला चारी पायांनी चिकटून वर चढत होतं, छतापर्यंत, आणि तिथे उलटं लटकत होतं. सारखं वर, तक्तपोशीकडे बघत होतं. मागची पावलं अशी वळवत होतं की माणसाला मुरगळल्यासारखी वाटावीत. डोळ्यांखाली पांढुरके डाग, बाकी तोंड काळं, कुणीतरी काजळ पुसल्यासारखं. आणि शेपटी अंगाइतकीच लांब, काळी, एकसारखी. मला उगीचच अस्वस्थ वाटलं. जमिनीवर राहणारं जनावर इतकं सहज लटकतं कसं?

आमच्या कॉलेजात सरोजा मिस होत्या, प्राणिशास्त्राच्या. सडसडीत, सुती साडी, आणि कुणी उत्तर बरोबर दिलं तरी "कशावरून?" विचारणाऱ्या. प्रयोगशाळेमागच्या खोलीत पेंढा भरलेले प्राणी आणि कवट्यांचे खण होते. मी त्यांना जनावराचं वर्णन सांगितलं. त्या कन्नडात म्हणाल्या, "आधी मी तुला पाच कवट्या देते. दोन घरं कर. कोण कुणाचं, ते सांग." मांजर, कुत्रा, मुंगूस, तरस आणि एक लांबट, मला न ओळखू आलेली. मी तरसाची कवटी उचलून कुत्र्याजवळ ठेवली. जबडा तसाच, दात तसेच, काय चुकणार?

मिसनी ती उचलून मांजराजवळ ठेवली. मग कवटी उलटी करून कानामागचा हाडाचा फुगा दाखवला. एक फुटकी कवटी होती, तिच्यात फुग्याच्या आतला हाडाचा पातळ पडदा दिसत होता. "मांजराकडच्या सगळ्यांना हा पडदा असतो. मुंगसाला, तरसाला, आणि या लांबट कवटीच्या उदमांजराला. कुत्र्याकडच्यांना असा नसतो. चेहऱ्यावरून नातं ठरवू नको. चेहरा कामाप्रमाणे बदलतो. जे हाडं फोडून खातात त्यांचे जबडे सारखे होतात, मग ते कुणाच्याही पोटचे असोत."

मी तो पडदा किती वेळ पाहत राहिले. बाहेरून कुणालाही न दिसणारी एवढीशी भिंत, आणि तिच्यावरून कोण कुणाच्या घरचं ते कळतं. मिसनी मला आफ्रिकेतल्या जेनेटचं चित्र दाखवलं; ठिपके, कडी कडी असलेली शेपटी, नखं आत ओढणारी, अगदी मांजर वाटावं, पण ते उदमांजराच्या घरातलं. त्या वेळच्या पुस्तकात मुंगूसही याच घरात जेवायचं. पुढे मी नोकरीत असताना त्याची चूल वेगळी मांडली गेली. मादागास्करचा फोसा दिसतो छोट्या बिबट्यासारखा. त्यालाही वर्षानुवर्षं इकडेच धरलं होतं, मग रक्त तपासलं तर तो निघाला मुंगसाकडचा. शास्त्रज्ञही चुकतात, आणि चूक कळली की पाटी पुसून पुन्हा लिहितात. मला या विषयातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच.

मग मिसनी काचेच्या कपाटातले दोन पेंढा भरलेले प्राणी दाखवले. दोघांच्या पाठीवर ठिपके. "आता ठिपके सोड. शेपटी बघ, पाय बघ." एकाच्या शेपटीवर काळी पांढरी कडी, पाय सडपातळ, बोटांवर चालणारे, जमिनीवरचे. ते पुनुगु. दुसऱ्याची शेपटी काळी, पावलं रुंद, तळवा टेकवणारी, झाडावरची. ते उदमांजर. "आणि दात. याच्या दाढा बघ कशा बोथट आहेत. मांसाहारी गणात जन्म, पण पोट फळांवर." माझ्या डोळ्यांपुढे सुपावरच्या चिकूच्या बिया आल्या. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. माझ्याकडे तर सूपभर काकणं होती.

"ग्रंथी दोघांनाही असते," मिस म्हणाल्या, "पण तुम्हाला हवं ते पुनुगु उदमांजराकडून मिळणार नाही. आणि तुझं जनावर सारखं वर का बघतं, ते घरी जाऊन शोध."

घरी येईपर्यंत माझा ठराव झाला होता, सांगून टाकायचं. पण दारातच अण्णा कुणाला तरी सांगत होते, "आमच्या नलीने ओळखलं, अक्काने शिक्कामोर्तब केलं." मी चप्पल काढून सरळ आत गेले. आणि एक प्रश्न होता, ज्यामुळे मी रात्रभर कूस बदलत राहिले. मी चुकले, ते समजण्यासारखं होतं. पण अक्का कशी चुकली?

दुसरा दिवस गुरुवार, मसाल्याचा. देवळाच्या बत्तीचा मूळ मसाला त्या दिवशी करायचा आणि पुनुगु आठवड्याने घालायचं असं ठरलं होतं. चूल थंड. दहीभात गिळून झाला. अक्का दगडापाशी, तिच्यापासून दोन हातांवर पिंजरा. मी डबे उघडून देत होते. ती चिमूट उचलायची, नाकाशी न्यायची आणि मग माझ्यापुढे धरायची. "सांग गं, काय येतंय?" मी म्हणायची, कापूर जास्त. ती म्हणायची, "बरोबर," आणि कमी करायची. वर्षभर ती मला असं विचारत होती. पडवीतल्या बायकांनाही विचारायची. आम्हाला वाटायचं, परीक्षा घेते.

तेवढ्यात जनावर पहिल्यांदा खाली उतरलं, लाकडाशी आलं, आणि मागचं अंग त्याला घासलं. अक्काचे डोळे चमकले. आणि त्याच क्षणी मला वास आला. इतका ओळखीचा की आधी काही विशेष वाटलंच नाही. सुवासिक तांदळाचा भात शिजत असताना झाकण उघडावं तसा, गरम, गोडसर. आई आतून तरातरा आली. "नले, भात कोणी टाकला? मसाल्याच्या दिवशी?" मग तिनेच मागे वळून थंड चुलीकडे पाहिलं आणि गोंधळून उभी राहिली.

अक्का पिंजऱ्याकडे बघत समाधानाने म्हणाली, "बघ, सुटलं पुनुगु. काय उग्र दर्प आहे. नाकाला झोंबतोय अगदी."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आई आत गेली. माझ्या हातातला डबा मी हळूच खाली ठेवला. सगळं घर भाताच्या वासाने भरलं होतं आणि त्या घरातलं सगळ्यात मोठं नाक त्याच्यापासून दोन हातांवर बसून आठवणीतला वास सांगत होतं. त्या परीक्षा नव्हत्या. ती आमच्याकडून उत्तरं घेत होती.

आणि मग, चूल बंद, बायका सुट्टीवर, घर इतकं शांत होतं म्हणूनच ऐकू आलं असेल, वर तक्तपोशीत बारीक, चिरका आवाज झाला. मग आणखी एक. पिंजऱ्यातलं जनावर झेप घेऊन छताला लटकलं. पोट माझ्याकडे होतं. केस ओले, आचळं सुजलेली. मिसनी शोधायला सांगितलेलं मला सापडलं होतं. ती मंगळवारपासून वर का बघत होती, ते एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं.

आई मागल्या दारी गेल्याची खात्री करून मी अक्काशेजारी बसले. पुस्तकात जसं क्रमाने सांगतात तसं सगळं सांगितलं: शेपटी, पावलं, दाढा, बिया. ती ऐकत होती, मसाल्यात बोटं तशीच. मग मी म्हटलं, "आणि अक्का, वास भाताचा येतोय."

तिने चिमूटभर मसाला नाकाशी नेला, खोल श्वास घेतला आणि तो परत दगडावर झटकला. "गेल्या पावसाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल." आवाज शांत होता. "काहीच येत नाही गं. धूर नाही, फूल नाही. परवा दूध उतू जाऊन करपलं, मी शेजारीच होते. तुझी आई धावत आली तेव्हा कळलं."

मला रडू आलं. ती मात्र रडली नाही. मी म्हटलं, "तू काही सांगू नको. मीच सांगते अण्णांना, की माझंच चुकलं, पुस्तक नीट वाचलं नाही, आणि मी ठाम सांगितलं म्हणून तू हो म्हणालीस. ते मला रागावतील. रागावू देत. जनावर सोडतील, आणि तुझं कुणाला कळणार नाही."

आता कबूल करते, मला ही युक्ती फार थोर वाटली होती. अक्काने पदराने हात पुसले. "दीड शहाणी आहेस. तू पहिल्या वर्षाला आहेस. आत्ताच तुझा शब्द खोटा पडला, तर उद्या कॉलेज पुरे म्हणायला कुणाला वेळ लागतोय? माझं नाक गेलंय ते गेलंय. ते वाचवायला तुझं कशाला घालवू?"

"पण मग तुझं इथे..."

"स्वल्प गप्प बस," ती म्हणाली. वरती पुन्हा चिरकलं. तिला ते ऐकू आलं. कान शाबूत होते. तिने वर पाहिलं. "किती असतील?"

"दोन ते चार. मिसच्या पुस्तकात होतं."

"दूध किती दिवस नाही?"

"मंगळवारपासून."

ती उठली. अण्णा दुपारी येईपर्यंत थांबली नाही. आईला पाठवून त्यांना दुकानातून बोलावून घेतलं. मसाल्याच्या दिवशी तिने मध्येच दगड सोडला, हे ऐकूनच ते धापा टाकत आले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. अक्का पिंजऱ्याशेजारी उभी होती, हात पिंजऱ्याच्या दारावर.

"वेंकू, हे पुनुगु नाही," ती म्हणाली. "नलीने शोधून काढलं, तिच्या मिसना विचारून. वर हिची पिल्लं आहेत."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग आधी हो कसं म्हणालीस?" मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "तिने एका ओळीवरून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासून चूक काढली. मी पोतं हुंगून सांगितलं, ते साफ खोटं. माझं नाक गेलंय. वर्ष झालं. मी तुला फसवत होते."

अण्णा पडवीच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रागाचा नव्हता. लहानपणी जिचा हात धरून शाळेत गेलो, तिला आज आपला हात लागणार, हे कळलेल्या माणसाचा तो चेहरा असावा. तेव्हा मला तो नुसता भीतिदायक वाटला. मग अण्णा उठले, अक्काचा हात दारावरून बाजूला केला, "चावेल," म्हणाले, आणि स्वतः कडी काढली.

ती बाहेर आली, आमच्या कुणाकडेही न बघता खांबावर चढली, तुळईवरून कौलाखालच्या फटीत शिरली. भर उन्हात, दिवसाढवळ्या. वरचा चिरका आवाज थोडा वेळ वाढला आणि मग थांबला. आई तेवढ्यात, मसाला अर्धा असतानाच, चूल पेटवायला गेली. तिला कुणी अडवलं नाही. अण्णा त्याच संध्याकाळी देवळात जाऊन सांगून आले, की घरचं पुनुगु नाही, आमची ओळख चुकली. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढचा मसाल्याचा दिवस येईपर्यंत अक्का दगडाकडे फिरकली नाही. भाज्या निवडत स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची. तीच ती जागा. मला ते बघवत नव्हतं. त्या दिवशी सकाळी चूल बंद ठेवायची की नाही हे आईने कुणाला विचारलंच नाही, बंद ठेवली. अण्णांनी पितळी डबे आणून दगडापाशी मांडले, एक पाट अक्काचा आणि त्याच्या शेजारी दुसरा, आणि म्हणाले, "अक्का, प्रमाण तुला ठाऊक आहे. वास नली सांगेल. बसा दोघी."

अक्का बसली. पहिली चिमूट तिने माझ्यापुढे धरली. "सांग," म्हणाली, आणि या वेळी ते खरंच विचारणं होतं. मी म्हटलं, चंदन आहे. ती म्हणाली, "चंदन मलाही दिसतंय. कसलं आहे? जुनं की ओलं? मागाहून काय उरतं?" मला सांगता येईना. त्या वर्षी तिने मला शब्द शोधायला लावले: कडवट, पिठूळ, ओल्या मातीकडचा, जुन्या ट्रंकेतला. वर्गात मी मुलींना पेंढा भरलेला प्राणी दाखवून "नुसतं ठिपके आहेत सांगू नको, कसे आहेत?" विचारायची, ते सरोजा मिसचं आहे असं सगळे समजायचे. अर्धं अक्काचं होतं. त्या वर्षी देवळाची बत्ती पुनुगुशिवाय गेली, आणि नंतर कधीच त्यात पुनुगु घातलं नाही.

आता त्या घराच्या जागी चार मजली इमारत आहे आणि मी तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर राहते. चिकूचं एकच झाड वाचलंय. मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर एक धूसर फोटो आला: लिफ्टच्या खोलीवर जंगली जनावर, पकडणाऱ्यांना बोलवा, मुलांना धोका. मी काठी टेकत वर गेले. गच्चीच्या कठड्यावर एकाच जागी चिकूच्या बिया, धुऊन पुसून ठेवल्यासारख्या. खालच्या मजल्यावरचा एक तरुण, महादेवपुऱ्याला आयटीत कामाला जाणारा, मला म्हणाला, "काकू, हे डेंजरस आहे का? नेमकं काय आहे?" मी त्याला म्हटलं, आधी शेपटी बघ, मग बोलू. त्याने दुर्बीण मागवली. आता तो मला बियांचे फोटो पाठवतो.

अक्का ऐंशीच्या घरात असताना गेली. वास तिला परत कधीच आला नाही. शेवटच्या वर्षांत, जुन्याच घरात, तिचं अंथरूण खिडकीशी होतं, आणि दिवेलागणीला वरून कधी कधी गरम भाताचा वास उतरायचा. मी सांगायची, "अक्का, ती आलीये." मग अक्का डोळे मिटून, पूर्वी पोतं हुंगताना मिटायची तसेच, खोल श्वास घ्यायची आणि विचारायची, "पिल्लं आहेत का, ऐक बघू."